पहिल्या हाकेला

१

माझं काम काढून टाकण्याचं आहे. 'ॲप बनवते' असं सांगितलं की देऊळगाव राजात लोकांना वाटतं, मी काहीतरी मोठं घडवते. प्रत्यक्षात पुण्यातलं कोणीतरी बटणांचा पसारा करून पाठवतं आणि मी त्यातली बटणं उपटत बसते. कंपनी एका समाजमाध्यमाची आहे. त्या माध्यमाच्या पोटात चालणारी छोटी ॲपं म्हाताऱ्याकोताऱ्यांना जमतील इतकी सोपी करायची, एवढंच माझं काम. ज्यांनी टीव्हीचा रिमोटसुद्धा कायम नातवाकडून चालवून घेतला, त्यांनाही ती जमली पाहिजेत. शेवटी एकच बटण उरलं की आमचे साहेब विहंग खूश होतात, आणि मी आणखी थोडी थकलेली असते.

आई गेल्यावर बाबा एकटे पडले, म्हणून आम्ही पुणं सोडून त्यांच्याकडे राहायला आलो. नवरा, राजकुमार, सकाळच्या बसने जालन्याला नोकरीवर जातो. बाबा, म्हणजे वैजनाथ मास्तर, खालच्या खोलीत असतात. मी वरच्या. ती खोली गच्चीला लागून आहे आणि मार्चपासूनच भट्टीसारखी तापते. जिना घरातूनच वर जातो. दिवसभर मी त्या खोलीत बसून पिवळा रंग आणखी थोडा पिवळा करू का, यावर लोकांशी वाद घालते.

दुपारी इरा शाळेतून येते. फाटकाची कडी वाजते आणि ती ओरडते, "आई!" मी असेन तिथून म्हणते, "ओ!" ती ओ ऐकल्याशिवाय पोरगी पायातले बूट काढत नाही. एकदा मी मीटिंगमध्ये होते, तर बाईसाहेब उन्हात दारात तशाच उभ्या राहिल्या.

त्यावरूनच मला 'हाक' सुचलं. मुलाने आपल्या फोनवर आईच्या फोटोवर बोट ठेवायचं. आईच्या फोनमधून त्याच्या आवाजात हाक येते. आईने पिवळा गोल दाबून ओ द्यायची. बस्स. पोरगा तिकडे निवांत, आई इकडे निवांत. साहेबांना दाखवायच्या नमुन्यासाठी पहिली ओ मी माझीच रेकॉर्ड करून भरली. दुसरी इराने तिच्या अभ्यासाच्या जुन्या टॅबवर भरली. तिच्या ओच्या शेवटी हसू फुटलंय. ते मी तसंच ठेवलं.

२

ॲप लोकांना जमतं का, ते बघायला मी अमडापूरला गेले. बेबीताई ओसरीवर सुपात तूर निवडत होत्या. फोन शेजारी ठेवलेला. त्यांची सून सुचिता आतल्या खोलीत गेली आणि तिने तिच्या फोनवरून हाक मारली. "आई!"

बेबीताईंनी फोनकडे पाहिलं आणि तुरीतला खडा काढून बाहेर टाकला.

"आई!" पुन्हा हाक आली. त्या तूर चाळत राहिल्या. तिसऱ्या हाकेला मात्र त्यांनी पदराला हात पुसला, गोल दाबला आणि खणखणीत ओ दिली.

"बेबीताई, पहिल्यांदा ऐकू आलं नाही का?"

"आलं ना. मी काय बहिरी हाओ?"

"मग थांबलात कशाला?"

"पहिल्या हाकेले कोनी ओ देते काय बाप्पा!" त्या माझ्याकडे बघून हसल्या. न चावता घास का गिळत नाही, असं मी विचारल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं. "मानूस असंन त मारंन अजून एक."

गावातल्या उकंडरावांनीही तेच केलं, विमलबाईंनीही. कोणी दुसऱ्या हाकेला, कोणी तिसऱ्या. कारण कोणीच सांगितलं नाही. मला वाटतं, कारण असं त्यांच्याकडे नव्हतंच. आपण उंबऱ्यावर बसत नाही, तसंच ते होतं. उकंडराव एवढंच म्हणाले, "तू काऊन घाई करून राह्यली बाई? देतो ना ओ."

पण ॲप घाईत होतं. पहिल्या हाकेला उत्तर नाही मिळालं की ते मुलाला 'प्रतिसाद नाही' असं कळवायचं. मुलगा घाबरून शेजाऱ्यांना फोन करायचा, शेजारी धावत यायचे आणि म्हातारी तूर निवडत बसलेली असायची.

"ही मधली पायरी काढ," विहंग मीटिंगमध्ये म्हणाले. "पहिल्या हाकेलाच उत्तर गेलं पाहिजे."

"पण ती त्यांची सवय आहे, सर."

"सवय बदलायलाच आपण बसलोय, स्वरदा."

लाईट गेली होती. इन्व्हर्टर कुईकुई करत होता, माझं डोकं ठणकत होतं. मीटिंग एकदाची संपावी म्हणून मी म्हणाले, की माणसाची ओ एकदाच भरून ठेवू. सकाळपासून फोन कोणी हाताळलेला असेल, तर पहिल्या हाकेला ॲपच त्याच्या आवाजात ओ देईल. सगळ्यांना हे फार आवडलं. कोणीतरी टाळ्यांचं चित्रही पाठवलं.

मी पुन्हा अमडापूरला जाऊन सगळ्यांच्या ओ गोळा केल्या. घरी बाबांचीही भरून घेतली.

"म्हणजे मी नसतानाही माझी ओ जाणार?" बाबांनी विचारलं.

"असतानाच जाईल हो बाबा."

"असलो तर मीच देईन की."

"बाबा, प्लीज. जरा मोठ्याने."

त्यांनी दिली. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि तीही त्यात आली. परत भरायचा मला कंटाळा आला.

३

दुपार होती. खालून बाबांची ओ ऐकू आली, शिट्टीसकट. म्हणजे फोनमधली.

मी हाक मारली नव्हती. राजकुमारने मारली असेल म्हणून त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मी कामात आहे गं. जेवलीस का?"

खाली गेले. बाबा पलंगावर बसून पुढच्या दाराकडे बघत होते. दार बंद होतं.

"कोण होतं, बाबा?"

"कोणीतरी बोलावलं. वैजनाथ म्हणून."

"नुसतं वैजनाथ?"

"नुसतं. मोठी माणसं घरात असताना हाक यायची ना, तसं. अगं, मला नुसत्या नावाने हाक मारणारं आता कोणी राहिलं नाही."

मी फोन हातात घेतला. हाक मारणाऱ्याचा फोटो दिसतो तिथे रिकामा पिवळा गोल होता. खाली नाव नाही. ती जागा मी आखलेली आहे. फोटो नसला तर तिथे नावाचं पहिलं अक्षर येतं. ती जागा रिकामी राहू शकत नाही, कारण रिकामी जागा बघून म्हातारी माणसं गोंधळतात आणि मी ते आधीच बंद केलंय.

आमच्या प्रोग्रॅमरला, गोकुळला, फोन लावला. तो म्हणाला, "टेस्टिंगचं जुनं खातं असेल, ताई. कोणीतरी अर्धवट डिलीट केलं असेल." मला पटलं. आमच्या धंद्यात प्रत्येक चुकीला असं एक वाक्य मिळतंच. ते मिळालं की माणूस चहा पितो आणि पुढच्या कामाला लागतो.

पण नंतर रोजच दुपारी खालून ती ओ येऊ लागली. मी कीबोर्डवरची बोटं थांबवून ऐकायची. आवाज बाबांचाच, पण दिवसागणिक लांब जात होता. आधी शिट्टी बारीक झाली, मग ऐकूच येईनाशी झाली. त्या जागी घुमणं आलं. रंगकामासाठी घर रिकामं केलं की आपलाच आवाज कसा भिंतींवरून परत येतो, तसं. बाबांची खोली तर गाद्या, ट्रंका आणि आईच्या भांड्यांनी गच्च भरलेली आहे. तिथे काही घुमायला जागाच नाही.

मी हेडफोन लावून मूळ फाइल ऐकली. तीच फाइल, तीच तारीख. तिच्यात शिट्टी नव्हती. ओ झाल्यावर मागे बराच वेळ एक मोठी खोली ऐकू येत होती, आणि त्या खोलीत कोणीतरी ऐकत उभं होतं.

शेवटचं वाक्य मी गोकुळला सांगितलं नाही. कामाचा ताण आहे, असं मी स्वतःलाच सांगितलं. तो होताच.

४

मग बाबांची ओ बंद झाली.

बाकी ते बोलायचे. चहात साखर कमी आहे म्हणायचे, इराचे पाढे घ्यायचे. पण स्वयंपाकघरातून "बाबा!" म्हणून हाक मारली की शांतता. मी बाहेर येऊन बघायची, तर ते माझ्याकडेच बघत असायचे. ओठ किंचित उघडलेले, आणि डोळ्यांत एक शरमल्यासारखा भाव.

"ऐकू येत नाही का, बाबा?"

"येतं गं."

"मग ओ का देत नाही?"

"देतो की." ते गोंधळून म्हणायचे. "देतो, पण ती माझ्याकडून निघत नाही."

जालन्याच्या डॉक्टरांनी कान तपासले. वयाच्या मानाने उत्तम म्हणाले. मी हसून त्यांचे आभार मानले आणि गाडीत बसल्यावर मला रडू आलं. बाप समोर बसलाय आणि त्याला हाक मारून उपयोग नाही, ही भीती मला कोणाला समजावून सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सुचिताचा फोन आला. "ताई, तुमच्या त्या ॲपानं आमच्या आईले काय केलं? तुम्ही येऊन पाहा बरं."

चिखलीला बस बदलून अमडापूरला पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. बेबीताई ओसरीवर तशाच बसलेल्या होत्या, सूप मांडीवर. मला बघून म्हणाल्या, "ये वो माय, बस. चहा ठेव वं सुचिता." अगदी नेहमीसारख्या. माझा जीव भांड्यात पडला.

"पाहा आता," सुचिता हळूच म्हणाली आणि तिने हाक मारली, "आई!"

बेबीताईंचे हात थांबले.

"आई! ओ आई!"

त्यांचे ओठ उघडले. आवाज नाही. त्या सुचिताकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी भरत होतं. मग आतून, धान्याच्या कोठ्या ठेवलेल्या अंधाऱ्या खोलीतून, बेबीताईंची खणखणीत ओ आली.

"फोन आत राहिलाय का?" मी विचारलं. माझाच आवाज मला परका वाटला.

सुचिताने ओटीतून फोन काढून दाखवला. "फोन त माह्यापाशी हाय. म्या कालपासून बंद करून ठेवला."

आम्ही दोघी त्या खोलीच्या दाराकडे बघत राहिलो. आत जाऊन बघावं, असं दोघींपैकी कोणीच म्हटलं नाही. बेबीताईंनी डोळे पुसले आणि पुन्हा तूर निवडायला घेतली. "आतमदी कोन हाय वं?" त्यांनी विचारलं. "माह्यासारखीच बोलते."

५

"आकडे बघितलेस का?" विहंग म्हणाले. "पहिल्या हाकेला उत्तर, जवळजवळ सगळ्यांचं. तू कमाल केलीस."

"सर, ते बंद करा. भरलेल्या सगळ्या ओ पुसून टाका."

"काय कारण सांगू वर?"

कारण काय सांगणार? माझ्या बापाची ओ दुसरीकडून येते म्हणून? मी म्हणाले, माणसं आजारी पडतायत. ते म्हणाले, म्हातारी माणसं पडतातच, आणि मला चार दिवस सुट्टी घ्यायला सांगितली. त्यांचा आवाज प्रेमळ होता. मला त्यांची इतकी चीड आली की मी कॉलच बंद केला.

मी बाबांच्या फोनमधून 'हाक' काढून टाकलं. मग माझ्या फोनमधून काढायला घेतलं. काढण्याच्या बटणावर बोट ठेवणार, तोच पडदा पिवळा झाला. मधे रिकामा गोल. फोनमधून काहीच आलं नाही, हाक नाही, खरखर नाही. पण वरच्या खोलीतला पंखा आणि गल्लीतला भाजीवाला एकदम लांब गेल्यासारखे झाले, आणि मला पक्कं कळलं की आपलं नाव कोणीतरी घेतलंय. कानाने ऐकलं असं म्हणवत नाही. मानेच्या मागे कळलं.

मी दात घट्ट आवळून गप्प बसले. पण ॲप थांबत नाही. थांबण्याची पायरी मीच काढली होती. फोनमधून माझी ओ गेली, नमुन्यासाठी भरलेली, उत्साही, सकाळच्या आवाजातली.

मी ॲप काढलं, फोन बंद केला, खोलीचं दार बाहेरून ओढून कडी लावली आणि खाली येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजकुमारने न्हाणीघरातून हाक मारली. "स्वरदा! टॉवेल दे गं!" मी पलीकडेच उभी होते. ओ म्हणायला तोंड उघडलं. शिंक येता येता विरते ना, तसं काहीतरी आत विरून गेलं. टॉवेल मी नेऊन दिला. तो वैतागून म्हणाला, "ओ द्यायला काय होतं तुला? आणि वर होतीस ना? खाली कधी आलीस?"

त्याला थांब म्हणाले. पण बसची वेळ झाली होती. तो गेला.

६

दुपारी मी कणीक मळत होते. काहीतरी रोजचं करत राहावं म्हणून. इरा आली की तिला दारातच गाठायचं, बाबांना घ्यायचं आणि संध्याकाळपर्यंत बालाजीच्या देवळात जाऊन बसायचं, असं ठरवलं होतं. माणसांत बसू. राजकुमार आला की पुढचं बघू. बाबा चपला घालून खुर्चीवर तयार बसले होते.

फाटकाची कडी रोजच्यापेक्षा लवकर वाजली.

"आई!"

मी पिठाच्या हातांनी दाराकडे पळाले. तोंड उघडलं, आणि वरून, जिन्याच्या टोकावरून, माझी ओ आली. थकलेली, थोडी वैतागलेली, इराला रोज ऐकू येते तशीच.

इराने बूट भिरकावले, आत आली आणि दप्तरासकट थेट जिन्याकडे वळली. मी मधेच तिचा दंड धरला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

"तू तर वर होतीस," ती म्हणाली.

मीही वर पाहिलं. पाहायला नको होतं. बाहेरून लावलेली कडी निघालेली होती, दार उघडं होतं. जिन्याच्या वरच्या कठड्यावर एक हात ठेवलेला होता. हातापलीकडचं भिंतीआड होतं. हाताला मनगटापर्यंत ओली कणीक लागलेली होती आणि माझी हिरवी बांगडी होती, तडा गेलेली, कालच गेलेली.

मग हाक आली. माझ्या आवाजात, एकदाच.

"इरा!"

इराचे ओठ हलले. मी तिच्या तोंडावर हात दाबला, पिठाचा हात. ती गुदमरून हातपाय झाडू लागली. तेव्हा बाबा उठले. त्यांनी नातीसमोर येऊन पंजा उभा धरला. थांब. वर्गात मुलांना गप्प करताना ते असाच पंजा धरत. इरा थांबली. तिचा श्वास माझ्या तळहातावर गरम लागत होता. बाबांच्या डोळ्यांत मला कितीतरी दिवसांनी त्यांचं मास्तरपण दिसलं, आणि वाटलं, हे जमणार. दुसरी हाक येईपर्यंत फक्त गप्प राहायचं होतं. इतकं सोपं होतं ते. म्हातारी माणसं ते तूर निवडता निवडता करत आली होती.

आम्ही तिघंही वर न बघता उभे राहिलो. दुसरी हाक आली नाही. पंखा फिरत होता. कठड्याचं लाकूड एकदा करकरलं, वजन काढून घेतल्यासारखं. बाबांनी हळूच पंजा खाली घेतला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. झालं, असं.

इराच्या पाठीवरच्या दप्तरात काहीतरी पिवळं उजळलं. कापडातून दिसलं. तिचा टॅब. नमुन्याचा.

मी दप्तराची चेन ओढायला हात घातला, पण पिठाने बोटं घसरली. आणि आतून इराची ओ गेली. मोकळी, मोठ्याने, शेवटी हसू फुटलेली. ती जिन्यावरून वर वर जाताना ऐकू आली, पायरी पायरीने, आणि वरच्या खोलीत गेल्यावर तिथे घुमली.

मी गुडघ्यांवर बसले. इराचा चेहरा पिठाने माखला होता. मी तो दोन्ही हातांनी धरला.

"इरा," मी म्हणाले. "इरा. इरा, बाळा."

ती माझ्याकडे बघत राहिली. ओठ किंचित उघडलेले, डोळ्यांत शरमल्यासारखा भाव.

वरून कोणीतरी हसलं.